निष्ठेचा नोटीस पिरियड

गेल्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये मला 'लॉयल्टी अँड कमिटमेंट' या रकान्यात पाचपैकी पाच मिळाले. बाकीच्या रकान्यांत गाडी साडेतीनच्या पुढे सरकली नव्हती. हे पाच कशाचे, ते सांगतो.

त्याच्या तीन महिने आधी मॅनेजरने मला एका सहकाऱ्याकडून केटी घ्यायला सांगितली. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एकाच्या डोक्यात असलेली सिस्टिमची सगळी माहिती दुसऱ्याच्या डोक्यात आणि डॉक्युमेंटमध्ये उतरवून घ्यायची. "त्याला कारण सांगू नकोस. बॅकअप हवा म्हणून घेतोय असं म्हण," एवढंच तो म्हणाला. कारण मला कळलं होतं. त्या सहकाऱ्याचं नाव यादीत होतं. नऊ वर्षं त्या कंपनीत काढलेला माणूस. मी फ्रेशर म्हणून आलो तेव्हा माझा पहिला बग माझ्या शेजारी बसून यानेच सोडवून घेतला होता. तीन आठवडे मी रोज तासभर त्याच्याकडून त्याचंच काम काढून घेत होतो. चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी त्याला अकरा मिनिटांचा कॉल आला आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याचा लॅपटॉप लॉक झाला.

आणि मला पाचपैकी पाच.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलोय. त्या तीन आठवड्यांत मी जे केलं त्याला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि तो शब्द 'निष्ठा' नाही. मग इंग्रजीत त्यालाच लॉयल्टी कसं म्हणतात?

*

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्लेसमेंटच्या परीक्षेसाठी आम्ही इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करायचो. लॉयल्टी, फिडेलिटी, अलीजन्स, फीअल्टी, डिव्होशन हे सगळे एका ओळीत, आणि समोर मराठीत एकच शब्द: निष्ठा. समानार्थी. एकाच्या जागी दुसरा चालतो. परीक्षेत चाललाही.

पण ती ओळ खोटी आहे, आणि तिच्या खोटेपणावर कुणीतरी कमावतं.

इंग्रजीत निष्ठेचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दोन बाजू असतात. तू माझ्यासाठी हे करायचंस, मी तुझ्यासाठी ते करायचं, आणि कुणी शब्द मोडला तर दुसरा मोकळा. फीअल्टी, अलीजन्स आणि मुळातली लॉयल्टीही याच घरातली. दुसऱ्या प्रकारात एकच बाजू असते. देणारा देत राहतो, हिशोब ठेवत नाही, परत काही मागत नाही. डिव्होशन हे त्याचं नाव. आजची ऑफिसं तोंडाने पहिल्या प्रकारचा शब्द घेतात आणि वसुली दुसऱ्या प्रकारची करतात. ऑफर लेटरमध्ये मात्र यातलं काहीही नसतं. तिथे कोरडा करार असतो.

आपण शब्दांच्या छटा शिकलो नाही, म्हणून ही अदलाबदल आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आपल्याला दिसत नाही.

*

लॉयल आणि लीगल हे सख्खे भाऊ आहेत. दोघांची आई एकच: कायद्याशी संबंधित असा अर्थ असलेला लॅटिन शब्द 'लेगालिस'. एक भाऊ जुन्या फ्रेंचांच्या तोंडी घासून गुळगुळीत होऊन इंग्लंडात पोचला, दुसरा कडक इस्त्रीचा राहिला. म्हणजे लॉयल माणूस मुळात कोण? जे ठरलंय त्याप्रमाणे वागणारा. भावनेचा भाग नंतरचा.

फीअल्टी आणि फिडेलिटी ही अशीच दुसरी जोडी, 'फिडेलितास' या लॅटिन शब्दाची. फीअल्टी म्हणजे सरंजामी काळात सरदाराने आपल्या धन्याला दिलेली इमानाची शपथ. तिच्याबरोबर 'होमेज'चा विधी असायचा. डोकं उघडं, गुडघे टेकलेले, दोन्ही हात जोडून धन्याच्या हातांत दिलेले, आणि तोंडाने कबुली की आजपासून मी तुमचा माणूस. होमेजमध्ये फ्रेंचांचा 'ओम' म्हणजे माणूस हाच शब्द लपलाय.

हे चित्र पाहिलं की वाटतं, एकतर्फी गुलामी म्हणतात ती हीच. पण सुमारे १०२० साली अक्विटेनच्या ड्यूकने शार्त्रचा बिशप फुलबेर याला विचारलं, की या शपथेत नक्की काय काय येतं. फुलबेरचं उत्तर उपलब्ध आहे आणि एखाद्या नीट लिहिलेल्या स्पेसिफिकेशनसारखं आहे. धन्याच्या शरीराला इजा करू नये, त्याची गुपितं आणि किल्ले धोक्यात आणू नयेत, त्याची प्रतिष्ठा आणि मालमत्ता सांभाळावी, त्याला जे सोपं आहे ते अवघड करू नये. नुसतं वाईट टाळून भागणार नाही, सल्ला आणि मदतही द्यावी. आणि शेवटी फुलबेर लिहितो, की धन्याने या सगळ्या बाबतींत सरदाराशी तसंच वागलं पाहिजे. नाही वागला तर बेइमान तो.

हजार वर्षांपूर्वीच्या बिशपला जे लिहावंसं वाटलं, ते आमच्या साठ पानी एम्प्लॉयी हँडबुकमध्ये नव्हतं. तिथे माझ्याकडून काय अपेक्षित आहे याची सतरा कलमं होती. समोरच्या बाजूने काय, याच्यासाठी एक वाक्य होतं: आपण एक फॅमिली आहोत.

सरंजामशाहीचे गोडवे मी गात नाहीये. ही देवाणघेवाण वरच्या मजल्यावरच्यांची होती. शेतात राबणाऱ्या कुळाला कुणी असं पत्र लिहून दिलं नाही. पण मुद्दा तोच आहे. ज्यांच्याकडे तलवार होती त्यांनी आपल्या निष्ठेला अटी घातल्या. बिनअटी निष्ठा नेहमी खालच्यांकडूनच मागितली जाते.

*

या अटींना दातही होते. सरदाराला वाटलं की धन्याने शब्द मोडला, तर तो रीतसर जाहीर करून शपथ परत घेऊ शकत असे. त्या कृतीचं लॅटिन नाव 'डिफिदातिओ', म्हणजे विश्वास काढून घेणं. आपल्या ओळखीचा इंग्रजी शब्द 'डिफाय' याच कुळातला आहे. आज डिफाय म्हणजे उर्मटपणे आज्ञा मोडणं. मुळात डिफाय म्हणजे नोटीस देणं.

मे १२१५ मध्ये इंग्लंडच्या बंडखोर बॅरनांनी जॉन राजाला अशीच नोटीस दिली, आणि जून महिन्यात थेम्सकाठी रनिमीडला मॅग्ना कार्टा झाली. तिच्यातलं एकसष्टावं कलम वाचण्यासारखं आहे. पंचवीस बॅरनांनी राजावर नजर ठेवायची, त्याने करार मोडला तर त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करायच्या, आणि दुरुस्ती झाली की पुन्हा पूर्वीसारखं त्याचं ऐकायचं. ते कलम फार टिकलं नाही, राजाने काही आठवड्यांतच पोपकडून अख्खा करार रद्द करून घेतला. पण त्या कागदावर किल्ले जप्त करणं आणि निष्ठावंत असणं या दोन गोष्टी एकाच वाक्यात नांदतात. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही.

आता आपलं बघा. माझ्या त्या वेळच्या करारात मी सोडायचं ठरवलं तर नव्वद दिवस थांबायचं होतं. कंपनीने ठरवलं तर महिन्याचा पगार खात्यात टाकून त्याच दिवशी दार बंद. मी नव्वद दिवस थांबलो नाही तर रिलीव्हिंग लेटर अडकणार. राजीनामा दिल्यावर एचआरने मला विचारलं होतं, "वुई थॉट यू वेअर लॉयल?" म्हणजे मी दिलेली नोटीस ही बेइमानी, आणि त्या सहकाऱ्याला न दिलेली नोटीस ही बिझनेस डिसिजन.

*

अलीजन्सची गंमत वेगळी. हा शब्द आला 'लीज'वरून. भाडेकराराची लीज नव्हे, लीज म्हणजे पहिल्या मानाचा धनी. एकेका सरदाराचे दोन-चार धनी असायचे. ते आपसात भिडले तर याने कुणाच्या बाजूने उभं राहायचं? म्हणून एकाला लीज ठरवायचं आणि बाकीच्यांना साधं होमेज. आयटीतल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. एक सॉलिड लाइन मॅनेजर, बाकीचे डॉटेड लाइन.

खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड फ्रान्समधल्या जमिनीपुरता फ्रान्सच्या राजाचा सरदार होता. १३२९ मध्ये अमिएँला त्याने होमेज केलं, पण ते साधं की लीज यावर घोळ घातला. १३३१ मध्ये ते लीज असल्याचं त्याला मान्य करावं लागलं. १३३७ मध्ये दोघांचं शतकभर चाललेलं युद्ध सुरू झालं. म्हणजे 'मी कुणाचा माणूस, आणि किती' हा प्रश्न राजालाही चुकला नव्हता, आणि तो उघडपणे, साक्षीदारांसमोर विचारला जायचा.

केटीच्या तीन आठवड्यांत माझ्यासमोर हाच प्रश्न होता. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला ज्याने मला काम शिकवलं तो माणूस. मी प्रश्नच उभा राहू दिला नाही. कॅलेंडरवर मीटिंग टाकली आणि 'बॅकअप हवाय' म्हणालो.

*

डिव्होशनकडे येऊ. याच्या पोटात 'व्होव्हेरे' आहे, नवस बोलणं. रोमन लोकांत 'देवोतिओ' नावाचा विधी होता. इतिहासकार लिव्ही सांगतो, इसवी सनापूर्वी ३४० मध्ये लॅटिन लोकांशी लढताना रोमन फळी मागे हटू लागली, तेव्हा देकिउस मुस या सेनापतीने पुरोहिताकडून मंत्र म्हणवून घेतले, स्वतःला आणि शत्रूच्या सैन्याला पाताळातल्या देवांच्या स्वाधीन केलं, आणि घोडा थेट शत्रूच्या गर्दीत घातला. मरण्यासाठीच. ही डिव्होशन. तिच्यात वाटाघाट नाही, नोटीस पिरियड नाही. पण देकिउसने ती स्वतःहून दिली, आणि तो स्वतः सेनापती होता. त्याच्या अप्रेजलमध्ये कुणी तो रकाना ठेवला नव्हता.

डिव्होशन थोर गोष्ट आहे. आई आजारी मुलापाशी रात्र काढते, गवई तीस वर्षं एका रागापाशी बसतो, तेव्हा दुसरा शब्द चालणारच नाही. पण ती मागायची गोष्ट नाही. मागितलेली डिव्होशन ही खंडणी असते.

आणि आपल्या मातीत तर डिव्होशनही पूर्ण एकतर्फी नाही. पुंडलिकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. देव दारात आला, हा आईबापांची सेवा करत होता, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला. अजून थांबलाय. भक्ताचं काम आटपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहतो तो आपला देव. रविवारी रात्री साडेदहाला 'क्विक कॉल?' असा मेसेज टाकत नाही.

*

लॉयल्टीला नासवलं विसाव्या शतकाने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या भीतीचा काळ होता. १९४७ मध्ये ट्रूमनने सरकारी नोकरांची लॉयल्टी तपासण्याचा हुकूम काढला. १९४९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांकडून खास शपथ मागितली. १९५० मध्ये सही न करणाऱ्या ३१ जणांना काढलं.

नकार देणाऱ्यांत एर्न्स्ट कान्टोरोविच होता. हा बर्कलीत मध्ययुगीन इतिहास शिकवायचा. कम्युनिस्ट असण्याचा प्रश्नच नव्हता, तरुणपणी जर्मनीत तो हातात बंदूक घेऊन डाव्यांविरुद्ध लढला होता. तरी त्याने सही केली नाही. ज्याचं आयुष्य राजे आणि शपथा यांचे कागद वाचण्यात गेलं होतं, त्याला खरी शपथ आणि दरडावून घेतलेली सही यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती. तो बर्कली सोडून प्रिन्स्टनला गेला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शपथ नाकारणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

करारातून जन्मलेला शब्द इथपर्यंत येऊन संशयाचं यंत्र झाला होता. आता तो सिद्ध करायला काय लागतं? गप्प बसणं. माझे पाच मार्क तिथले आहेत.

गप्प बसण्याचा आणि इमानाचा इंग्रजीत खरं तर छत्तीसचा आकडा आहे. आम्ही प्रोग्रामर दिवसातून शंभर वेळा टाइप करतो तो 'ट्रू' हा शब्द जुन्या इंग्रजीत आधी 'एकनिष्ठ' या अर्थाने होता, 'खरं' हा अर्थ नंतर आला. 'ट्रुथ' आणि वचन या अर्थाचा 'ट्रोथ' हेही मुळात एकच. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये ज्या मुली गोड बोलतात त्या राज्य घेतात. कॉर्डेलिया नाटकी बोलायला नकार देते आणि हाकलली जाते. केंट राजाला तोंडावर चूक सांगतो आणि हद्दपार होतो, मग वेश बदलून त्याच राजाची सेवा करायला परत येतो. 'नटसम्राट' पाहिलेल्या मराठी माणसाला हे उलगडून सांगायला नको.

*

आता दोन आक्षेप.

पहिला: व्युत्पत्तीने काय सिद्ध होतं? काहीच नाही. शब्दाचा आजचा अर्थ वापरातून ठरतो, हे मान्य. पण वापर कोण ठरवतं? अप्रेजलचा फॉर्म लिहिणारा ठरवतो. जुना अर्थ माहीत असला की निदान विचारता येतं, की हा अर्थ कधी बदलला आणि कुणाच्या सोयीसाठी.

दुसरा आक्षेप माझ्या वयाच्या मित्रांचा: "लॉयल्टी-बिल्टी काही नसतं रे. दर दीड वर्षाला स्विच मार, हाइक घे." मला हे पटत नाही. त्यांनीही कंपनीचीच व्याख्या गिळलीये, फक्त तोंड वाकडं करून. लॉयल्टी म्हणजे मुकाट थांबणं असेल तर ती नको, हे बरोबर. पण ती तशी नाहीच.

१९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटलेला अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की संस्था घसरायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. लॉयल्टी माणसाला लगेच दार गाठू देत नाही, त्यामुळे आवाजाला वेळ मिळतो. आणि आवाजात वजन येतं ते दार उघडं असल्यामुळे. लॉयल्टी अशी दोन वाटांच्या मध्ये उभी असते. दोन्ही वाटा बंद करून जे उरतं त्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

हे पुस्तक न वाचता माझ्या वडिलांना कळलं होतं. एकतीस वर्षं भोसरीत एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. त्यांच्या तोंडी 'खाल्ल्या मिठाला जागावं' हे वाक्य कायम असतं. मला त्याचा राग यायचा. पण हेच बाबा बोनससाठी दोन महिने संपावर होते, गेटवर बसून भाकरी खायचे. "मग मिठाला कसे जागलात?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मीठ आधी खायला घालावं लागतं. जागायचं नंतर असतं."

फुलबेरचं सगळं पत्र या दोन वाक्यांत आलं.

मराठीकडे शब्द कमी नाहीत. ईमान आहे, दिलेला शब्द पाळणारी वफा आहे, बांधिलकी आहे, भक्ती आहे. पण आपण सगळ्यांवर 'निष्ठा' हे एकच झाकण घालतो. या शब्दाचा अर्थ नुसता घट्ट उभं राहणं. कुणापाशी, कशासाठी, कुठवर, हे तो सांगत नाही. म्हणूनच तो पुढाऱ्यांना आवडतो. सतरंज्या उचलणारा निष्ठावंत, आणि पक्ष बदलून स्टेजवर बसणाराही नव्या घरात निष्ठावंतच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कुणी तुमच्याकडे निष्ठा मागितली तर विचारा: यातली कोणती? फीअल्टी हवी असेल तर तुमची शपथ कुठाय? अलीजन्स हवी असेल तर संरक्षण काय देणार? नुसता करार असेल तर तसं म्हणा, मी आठ तास चोख काम करून घरी जाईन. आणि डिव्होशन हवी असेल तर ती विकाऊ नाही.

*

एक शब्द मुद्दाम मागे ठेवला होता. फिडेलिटी. आज तो नवराबायकोच्या संदर्भात येतो, नाहीतर आवाजाच्या. हाय-फाय मधला फाय तोच. गायकाच्या गळ्यातून जे निघालं ते स्पीकरमधून तसंच येणं. इथे धनी कुणीच नाही. निष्ठा आहे ती मूळ गोष्टीशी.

नोकरी सोडल्यावर महिन्याभराने मी त्या सहकाऱ्याला फोन केला. सांगून टाकलं, की मला आधीपासून माहीत होतं.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच कळलं. तू कॅमेरा बंद ठेवायला लागलास."

मला काही सुचेना. म्हटलं, "मग सगळं का सांगत बसलास? तू दिलेलं डॉक्युमेंट चाळीस पानी आहे. रात्री पेमेंट अडकलं तर काय करायचं, हे त्यात पायरीपायरीने लिहिलंयस."

"रात्री तीनला कुणाचा तरी फोन वाजणारच ना," तो म्हणाला. "त्या पोराने काय केलंय?"

त्या वर्षी त्याचं अप्रेजल झालं नाही. झालं असतं तरी फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.